खाडा कुणाचा, बढती कुणाची

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बाईचा विरंगुळा’ असा विषय छापलाय. तो पक्का करताना संयोजक मैत्रिणी म्हणाल्या होत्या, तुझं ते रग्बीवालं सांग. म्हणून आधीच सांगून टाकते, पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी इंग्लंडमधल्या एका कोळशाच्या गावाबद्दल, तिथल्या रग्बी क्लबबद्दल आणि त्या क्लबच्या मागे उभी हयात घालवलेल्या एका बाईबद्दल बोलणार आहे. सकाळी कोर्टकचेऱ्या आणि रेशनवर चर्चा झाल्यावर हे मध्येच काय, असं कुणाला वाटलं तर वाटू द्या.

२०१९च्या मध्यापासून २०२३च्या अखेरपर्यंत मी वेस्ट यॉर्कशायरमध्ये नोकरी केली. आपल्याकडे एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मुलींना तिकडच्या नगरपालिका बोलावून घेतात, कारण त्यांच्याकडे हे काम करायला माणसं पुरत नाहीत. माझं काम मुलांच्या संरक्षणाचं होतं. राहायला खोली मिळाली ती फेदरस्टोन नावाच्या गावात. वेकफील्डजवळचं हे गाव, वस्ती जेमतेम पंधरा हजार. घरमालकीणबाई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांचं नाव सांगत नाही, तशी परवानगी घेतलेली नाही. मी त्यांना नावानंच हाक मारायची, तिकडची रीतच तशी. त्या मला ‘लव’ म्हणायच्या, पण त्या तर दूधवाल्यालाही लवच म्हणायच्या. खोली दाखवताना भाडं सांगायच्या आधी त्यांनी एक अट घातली होती : रविवारी सामना असला की दुपारचं जेवण आपापलं करायचं. ऐकून मला इतकं बरं वाटलं, की खोली न बघताच मी हो म्हटलं.

आता खेळाबद्दल थोडं. रग्बीचे दोन प्रकार आहेत, युनियन आणि लीग. फेदरस्टोनचा खेळ लीगचा. एका बाजूला तेरा जण, ऐंशी मिनिटं. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचं आणि समोरच्यांनी झेपावून पाडायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू गेला. रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की चार गुण, त्याला ट्राय म्हणतात. कबड्डी पाहिलेल्या बाईला हा खेळ पाच मिनिटांत कळतो.

मला महत्त्वाची वाटते ती या खेळाच्या जन्माची कथा. १८९५पर्यंत रग्बी एकच होती आणि तिचा नियम असा, की खेळाडूनं पैशाला हात लावायचा नाही. दक्षिणेतल्या जमीनदारांच्या आणि वकील-डॉक्टरांच्या मुलांना तो परवडत होता. उत्तरेतले खेळाडू खाणीत आणि गिरणीत राबणारे. शनिवारीही सकाळी कामावर जावं लागे, त्यामुळे सामन्याला जायचं म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. उत्तरेतल्या क्लबांची मागणी साधी होती : खेळायचे पैसे नकोत, बुडालेल्या रोजाची भरपाई द्या. ती फेटाळली गेली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात हे क्लब जमले आणि वेगळे झाले. त्यांनी दिवसाला सहा शिलिंगपर्यंत भरपाई मान्य केली. एक अख्खा खेळ मजुरांच्या खाड्यावरून फुटून निघाला, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आपल्या बैठकीला येणाऱ्या बायका पहिल्यांदा काय विचारतात, ते आठवा. “ताई, रोज बुडतो, त्याचं काय?” हाच प्रश्न.

फेदरस्टोनला त्याआधीच एक जखम झालेली होती. १८९३मध्ये खाणमालकांनी मजुरी कापायची म्हणून टाळेबंदी केली. ७ सप्टेंबरला तिथल्या ॲक्टन हॉल खाणीपाशी सैन्यानं जमावावर गोळीबार केला, दोघे मेले. बाई हे अशा सांगायच्या, जणू स्वतः तिथे उभ्या होत्या. क्लब निघाला १९०२मध्ये आणि १९२१मध्ये लीगमध्ये आला. निळे-पांढरे आडवे पट्टे असलेली जर्सी. मैदानाचं नाव पोस्ट ऑफिस रोड, म्हणजे आपल्याकडे ‘पोस्टाची गल्ली’ म्हणावं तसं. एवढ्याशा गावानं लंडनच्या वेम्ब्लीवर चॅलेंज कप तीनदा जिंकला : १९६७, १९७३ आणि १९८३.

या तीन सालांचा हिशोब बाईंच्या तोंडून ऐकण्यासारखा होता. १९६७ साली नवरा वेम्ब्लीला गेला, या घरी राहिल्या, कारण मूल अंगावर पीत होतं. १९७३ साली नवरा आणि मोठा मुलगा गेले, या घरी, कारण सासूबाई अंथरुणावर होत्या. १९८३ साली सासूबाई गेलेल्या आणि मुलं हाताशी आलेली. तेव्हा या पहिल्यांदा वेम्ब्लीला गेल्या, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. समोर हलचा संघ होता, त्या वर्षीचा लीगविजेता. फेदरस्टोन जिंकेल असं कुणीही म्हणत नव्हतं, आणि ते चौदा-बारानं जिंकले. “दोनदा चुकवलं, म्हणून तिसऱ्यांदा देवानं जरा जास्तच दिलं,” असं त्या म्हणायच्या. यात तक्रारीचा सूर नसायचा, माझ्याच कानाला तो ऐकू यायचा. पहिल्या दोन सामन्यांच्या दिवशी नवऱ्याच्या पोटात जे सँडविच होतं, ते यांनीच बांधून दिलेलं होतं.

पुढच्याच वर्षी, मार्च १९८४ ते मार्च १९८५, खाण कामगारांचा संप झाला. आपल्याकडे दोन वर्षं आधी गिरणी संप सुरू झाला होता, म्हणून वयानं मोठ्या मैत्रिणींना ते दिवस वेगळे सांगायला नकोत. गिरणगावात खानावळवाल्या बायकांनी काय सोसलं ते आपण लिहून ठेवलंय. तिकडेही खाणींच्या गावागावांत बायकांचे गट उभे राहिले, त्यांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली आणि मे १९८४मध्ये बार्न्स्लीला हजारो बायकांचा मोर्चा निघाला. बाई वर्षभर बटाटे सोलत होत्या. पहिले दोन महिने नुसतेच सोलले. मग एक दिवस बस भरून मोर्च्याला गेल्या आणि तिथे माइक हातात आला. काय बोललात, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “आठवत नाही, पण मैदानावर ओरडून आवाज तयार झालेला होता.”

संप हरला. ॲक्टन हॉल खाण १९८५मध्ये बंद झाली. नवऱ्यानं मैदानावर जाणंच सोडलं. घरी बसायचा, माणसात यायचा नाही. बाईंना शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली. पहिल्या पगारातून त्यांनी स्वतःच्या नावाचा हंगामी पास काढला. तोपर्यंत त्या नवऱ्याच्या सोबत जात होत्या, आता एकट्या जाऊ लागल्या. गावात थोडी कुजबुज झाली, की माणूस घरी खचलाय आणि ही चालली खेळ बघायला. त्यावर त्यांचं उत्तर होतं, “त्याच्यापाशी बसून मीही खचले असते, तर पोरांना कुणी जेवू घातलं असतं?”

इथे जरा थांबते, कारण आपल्या कामात ही जागा आपण नेहमी पटकन ओलांडतो. बाईचा पगार, बाईची मारहाण, बाईची जमीन यांची नोंद आपण ठेवतो. बाई कामाशिवाय, देवाशिवाय आणि आजारपणाशिवाय घराबाहेर कधी पडते, याची नोंद आपल्या कुठल्याच फॉर्मवर नाही. आपल्या बायकांना वारी आहे, हळदीकुंकू आहे, भिशी आहे. यांतलं प्रत्येक काहीतरी निमित्त घेऊन येतं. कबड्डीच्या मैदानाभोवती उभ्या असलेल्या गर्दीत चाळीस-पंचेचाळिशीच्या बायका किती असतात, जरा आठवून पाहा. गिरणगावात कबड्डीची इतकी मंडळं होती, पण त्या मंडळांच्या गोष्टींत बायका खिडकीतून बघताना दिसतात.

आता बढतीची गोष्ट. इंग्लंडमधल्या खेळांत खालच्या लीगमधला संघ जिंकत गेला, की वर चढतो. आपण एक-दोन वर्षं चांगले खेळलो की वर जाऊ, या एका आशेवर छोट्या गावातले लोक थंडीपावसात उभे राहतात. १९९५मध्ये टीव्ही कंपनीचा पैसा आला, ८ कोटी ७० लाख पौंड, आणि ‘सुपर लीग’ची योजना पुढे आली. त्यात फेदरस्टोन, कॅसलफर्ड आणि वेकफील्ड या तीन शेजारच्या, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या क्लबांना एकत्र करून ‘काल्डर’ नावाचा एक संघ बनवायचं ठरत होतं. गावांनी निदर्शनं केली आणि तो बेत मोडून काढला. बाईंनी तेव्हा लिहिलेला फलक जिन्याखाली अजून ठेवलेला होता, मी पाहिलाय. विलीनीकरण टळलं, पण १९९६मध्ये सुपर लीग सुरू झाली तेव्हा फेदरस्टोन तिच्या बाहेर होतं. लंडन आणि पॅरिसचे संघ मात्र आत होते.

तेव्हापासून बाईंचा एकच ध्यास : वर जायचं. १९९८च्या अंतिम सामन्यात ज्याच्याकडून हरले ते शेजारचं वेकफील्ड, आणि हरले दोन गुणांनी, चोवीस-बावीस. २००९पासून नियमच बदलला. वर जायला जिंकणं पुरेसं नाही, परवाना लागणार. परवाना देणारे बघणार स्टेडियम, पैसा, प्रेक्षक. २०११ साली फेदरस्टोननं खालच्या लीगचा अंतिम सामना चाळीस-चार असा जिंकला आणि त्याच लीगमध्ये राहिलं. स्कारबरोच्या बंद पडलेल्या फुटबॉल क्लबचा स्टँड क्लबनं आणून आपल्या मैदानावर बसवला. दार पुन्हा उघडलं २०१५मध्ये. मी गेले त्या वर्षी, २०१९मध्ये, संघ पाचव्या क्रमांकावरून दुसऱ्यांच्या मैदानांवर जिंकत जिंकत शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचला आणि कॅनडातल्या टोरंटोत चोवीस-सहानं हरला. तो सामना आम्ही दोघींनी टीव्हीवर पाहिला. बढती मिळवलेल्या टोरंटोनं पुढच्याच वर्षी साथीच्या काळात अंग काढून घेतलं. रिकाम्या जागेसाठी फेदरस्टोननंही अर्ज केला. डिसेंबर २०२०मध्ये समितीनं लीचा क्लब निवडला. २०२१मध्ये तूलूझला जाऊन हरले, चौतीस-बारा. २०२२मध्ये आपल्याच मैदानावर बॅटलीकडून हरले.

तुम्ही हसताय. मीही हसायचे आणि मग ओरडायला लागले. जुलै २०२१मध्ये आम्ही दोघी बसनं वेम्ब्लीला गेलो. खालच्या लीगच्या संघांसाठी ‘१८९५ कप’ नावाची स्पर्धा आहे, नाव त्या फुटीच्या सालावरून. फेदरस्टोननं यॉर्कला एक्केचाळीस-चौतीस असं हरवलं. बाई पंचाहत्तर वर्षांच्या, गुडघा बदललेला, आणि पूर्ण वेळ उभ्या. माझा घसा दोन दिवस बसला होता. सोमवारी ऑफिसात मुलांच्या केसची बैठक होती, तिथे मला लिहून दाखवावं लागलं. दिवसभर लोकांच्या घरातलं वाईट तेवढं बघणाऱ्या बाईला असं ओरडण्याचं काय मोल असतं, ते या खोलीतल्या समुपदेशन केंद्रांवरच्या मैत्रिणींना सांगायला नको.

खेळ निरागस आहे असं मात्र मी म्हणणार नाही. लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२, २००६ आणि २०१० या तीन फुटबॉल विश्वचषकांच्या काळातल्या लँकेशायर पोलिसांच्या नोंदी तपासल्या होत्या. इंग्लंड हरलं त्या दिवशी घरातल्या मारहाणीच्या तक्रारी ३८ टक्क्यांनी वाढलेल्या, आणि जिंकलं किंवा बरोबरीत सुटलं तरी २६ टक्क्यांनी. अभ्यास फुटबॉलचा आणि राष्ट्रीय संघाचा आहे, तो जसाच्या तसा रग्बीला लावता येणार नाही. पण मारणाऱ्याला निमित्त पुरतं, हे आपल्याला माहीत आहे. बाईंनी यावर माझ्याशी वाद घातला नाही. गल्लीतल्या कोणत्या घरात हरल्यावर काय व्हायचं आणि कोणती शेजारीण रात्री यांच्या सोफ्यावर झोपायची, ते त्यांनी सरळ सांगितलं. सामन्याचा निकाल लागला, की यांच्या डोक्यात पहिला विचार त्या शेजारणीचा यायचा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, ती सांगते. पहिल्या हिवाळ्यात क्लबबद्दल वाचताना मला कळलं, की २०१७मध्ये बायकांची सुपर लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात चारच संघ होते : ब्रॅडफर्ड, कॅसलफर्ड, थॉर्नहिल आणि फेदरस्टोन. म्हणजे ज्या दारासाठी सगळं गाव १९९६पासून ताटकळत होतं, त्या नावाच्या दारातून गावच्या पोरी दोन वर्षं आधीच आत गेल्या होत्या. मी धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्या चहा ओतत होत्या. म्हणाल्या, “हो, माहीत आहे. ते वेगळं, लव.”

वेगळं कसं, यावर आमचं दोन वर्षं भांडण चाललं. त्यांचं म्हणणं, पोरी छान खेळतात, पण वर जाणं म्हणजे आपल्या मुलांनी वर जाणं. माझं म्हणणं, जर्सी तीच, पट्टे तेच, गाव तेच. मग एकदा मी खाड्याचा मुद्दा काढला. त्या वेळी बायकांच्या लीगमधल्या खेळाडूंना मोबदला नव्हता. कुणी परिचारिका, कुणी शिक्षिका, कुणी दुकानात. सरावाला जायचं ते पाळी बदलून, सामन्याला जायचं ते रजा टाकून. मी म्हटलं, तुमचा अख्खा खेळ सहा शिलिंगांच्या भरपाईसाठी फुटून निघाला, आणि सव्वाशे वर्षांनी तोच खेळ या पोरींचा खाडा फुकटात घेतोय. लीड्स आणि यॉर्क या क्लबांनी आपल्या बायकांच्या संघांना मोबदला द्यायला सुरुवात केली ती २०२३मध्ये.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “संपाच्या वेळी बटाटे सोलल्याचे आम्हाला कोणी दिले?” हे उत्तर होतं की प्रश्न, ते मला तेव्हाही कळलं नाही. त्यांच्या पिढीनं क्लबसाठी सोडतीची तिकिटं विकली, चहाची खिडकी सांभाळली, जर्सी धुतल्या. याला त्या काम म्हणतच नव्हत्या. माझ्या बोलण्यानं त्यांना स्वतःचाच हिशोब मांडावा लागत होता, आणि पंचाहत्तराव्या वर्षी तो मांडणं सोपं नसतं.

त्यानंतर त्या माझ्याबरोबर पोरींच्या सामन्याला आल्या. प्रेक्षक मोजता येतील एवढेच, खेळाडूंचे आईबाप, नवरे, लहान मुलं. चहाची खिडकी बंद होती. त्यावर त्या सामनाभर कुरकुरत होत्या. पुढच्या वेळी घरूनच दोन मोठे थर्मास आणि कपांची चळत घेऊन आल्या. मी म्हटलं, परत चहाच? तर म्हणाल्या, “मग काय, त्यांनी थंडीत मरायचं?” पण त्या दिवशी एक गोष्ट झाली. लाल केसांची एक बुटकी पोर तिघांना ओढत रेषेपलीकडे गेली, आणि बाई ओरडल्या, अगदी वेम्ब्लीवर ओरडल्या होत्या तशा. घरी येताना त्या पोरीची आजी कोण, तिचं माहेर कोणत्या गल्लीतलं, हे सगळं त्यांनी शोधून काढलेलं होतं.

२०२३मध्ये मुलांचा संघ अव्वल होता. गावात सगळे बोलत होते, हेच ते वर्ष. ८ ऑक्टोबरला पोस्ट ऑफिस रोडवर उपांत्य सामना, समोर लंडन. छत्तीस-सव्वीसनं हरले. लंडन पुढे जाऊन वर चढलं, एक हंगाम खेळलं आणि पुन्हा बाहेर पडलं, कारण तोवर नियम परत बदलले होते. २०२५च्या हंगामापासून वर कोण राहणार ते गुणांकन ठरवणार असं जाहीर झालेलं होतं : खेळ, प्रेक्षक, पैसा, स्टेडियम, भोवतालची वस्ती, सगळ्याला गुण. लहान गावाला भोवतालची वस्ती आणायची कुठून, असं बाईंनी क्लबला पत्र लिहून विचारलं होतं. त्याची एक प्रत त्यांनी मला दिली, ती माझ्या फाइलमध्ये आहे.

हरल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या मात्र बाकाखालचे कागदी कप गोळा करत होत्या. मी विचारलं, आता? म्हणाल्या, “आता काय, मार्चमध्ये पुन्हा.” त्याच डिसेंबरमध्ये मी परत आले. निघताना त्यांनी मला निळा-पांढरा मफलर दिला. तो आत्ता माझ्या पिशवीत आहे, पण इथल्या उकाड्यात तुम्हाला दाखवायला काढण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

तर जेवणानंतर आपण गटांत बसणार आहोत. प्रत्येक गटात एक वही फिरेल. प्रत्येकीनं गेल्या महिन्यात कामाशिवाय, देवाशिवाय, कुणाच्या आजारपणाशिवाय किती तास घराबाहेर काढले ते लिहायचं, आणि ते तास काढताना घरी कुणी काय केलं तेही लिहायचं. मुलगी, सासू किंवा शेजारीण त्या वेळी राबली असेल, तर तिचे तास शेजारच्या रकान्यात. चळवळीच्या बैठका त्यात धरायच्या नाहीत, यावर सकाळी थोडी वादावादी झाली, पण मी ठाम आहे. वस्तीतल्या बायकांकडे हा फॉर्म न्यायच्या आधी आपला भरून बघू. पेनं कमी आहेत, दोघीत एक घ्या.